कच्चा मध

प्रिय कालुंदे,

अक्षर बघून दचकू नकोस. कोंबडी ओल्या पायांनी कागदावर फिरावी तसं ते आलंय, कारण डाव्या हाताने लिहितोय. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत पट्टीत आहे. मेणाचं पातेलं चुलीवरून उतरवताना कलंडलं. छत्तीस वर्षं मी तेच पातेलं उतरवतोय, तेव्हा दोष त्या पातेल्याला देता येत नाही. आता बरा आहे. आधी सगळं वाच, मग काळजी कर.

इस्पितळ तेच, आपल्या टाबोराचं. वॉर्डही तोच, ज्यात तू नर्सिंग शिकत होतीस. भिंतींना निळा रंग दिलाय आणि खिडकीपलीकडचा आंबा तोडलाय, बाकी सगळं तसंच. दुपारी प्रत्येक खाटेपाशी घरची माणसं मक्याच्या घट्ट उगालीचे डबे उघडतात. माझ्या खाटेजवळचं स्टूल रिकामं असतं, म्हणून शेजारच्या म्हाताऱ्याच्या सुना येऊन त्यावर बसतात, आणि उठताना मलाही दोन घास वाढतात. परवा त्यांतली धाकटी थोरलीला हळूच विचारत होती, याचं कुणीच नाही का गं? कान अजून तिखट आहेत माझे. पोळ्याला कान लावून आत मध किती ते सांगणारा माणूस मी, शेजारची कुजबुज कशी सुटेल? मी डोळे मिटून घोरल्यासारखं केलं.

तुझ्या आईच्या मागे आपण दोघंच होतो, तेव्हा मला कधी एकटं वाटलं नाही. तू सायकलच्या दांड्यावर, मागे मधाचे डबे, आणि जंगलातून घरी येईपर्यंत तुझी बडबड. झाडाच्या सालीच्या दोन पोळ्यांपासून सुरुवात केलेला माणूस मी. आज चौकात माझ्या नावाची, लुगुशाची, पाटी आहे, आणि पाटीखाली बसायला मी एकटा. तिकडे समुद्राकाठच्या म्त्वाराहून तुझा नववर्षाचा निरोप दरसाल येतो. काजू फोडून तुझ्या बोटांची सालं गेली असतील. त्या चिकाने हात भाजतात म्हणे. कारखान्यात हातमोजे देतात की नाही?

आता इथली गंमत ऐक. पहिले चार दिवस चांदीचं ते पांढरं मलम लावलं. पाचव्या दिवशी संपलं. गाडी येईल तेव्हा येईल. सिस्टर न्येमो म्हणून एक जाडजूड बाई आहे. ती म्हणाली, मधाच्या पट्ट्या बांधू. मला तर मिरवायला निमित्तच मिळालं. दुकानातून माझी सगळ्यात चांगली बाटली मागवली. काचेसारखा नितळ, ड्रममध्ये तापवून, दोनदा गाळलेला. ना मेणाचा कण, ना माशीचा पाय. तिने झाकण काढलं, वास घेतला, चमचा उलटा करून धार बघितली. बाई गोगो जमातीची, आपण न्याम्वेझी. ही दोन जमातींची थट्टेची सोयरीक, तिने मयताच्या दारात टोमणा मारला तरी रागवायचं नाही, हे तुला सांगायला नको. तिने अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हटलं, “अरे न्याम्वेझ्या, हा मध आहे की मधाचं मढं? शिजवून मारलास की रे त्याला. चहात घाल, माझ्या जखमांना नको.”

वॉर्ड हसला. रीतच आहे, मीही हसलो. पण पट्टी बांधताना मी तिला हळूच विचारलं, तापवल्याने काय होतं? ती म्हणाली, जखम सडू न देण्याची मधात जी ताकद असते ती आगीपाशी मरते, उरते फक्त गोडी. मग तिने जंगलातल्या माणसाकडून काळपट, मेणासकट मध मागवला आणि कापडातून थंडच गाळला. अकराव्या दिवशी माझ्या मनगटावर गुलाबी कातडी धरली. तेव्हा मी तिला मिलेंबेबद्दल सांगितलं.

नाव वाचून कागद बाजूला ठेवू नकोस, बाळ. उकळत्या पेजेचं भांडं छातीवर सांडलेली ती चार वर्षांची मुलगी. मलम संपलं होतं, आणि तूच मेट्रनला म्हणालीस, माझ्या बाबाचा मध आहे. चौथ्या दिवशी जखम हिरवी पडली, नवव्या दिवशी पोर गेली. बायका पाणवठ्यावर म्हणायला लागल्या, लुगुशाच्या पोरीचे हात घाणेरडे. ते मी माझ्या या कानांनी ऐकलं, आणि पाणी भरणाऱ्यांमधून मान खाली घालून निघून गेलो. महिन्याभरात तू म्त्वाराची बस पकडलीस.

सिस्टरने पट्टीची गाठ मारली. तिच्या तोंडून पहिल्यांदाच थट्टा आली नाही, न्याम्वेझ्याऐवजी वडीलधाऱ्याला म्हणतात तसं म्झे आलं. म्हणाली, “पोर वाचली असती की नाही, ते मी सांगू शकत नाही. पण ते हात स्वच्छ होते, म्झे. तिला कुणीतरी कळवायला हवं.”

कुणीतरी म्हणजे मीच. तू निरोप पाठवला होतास की कच्चाच दे, बाबा, मेणासकट, पोळ्यातून आला तसा. मला हसू आलं होतं. पांढऱ्या कोटातली माणसं लुगुशाच्या मधात माशीचे पाय बघणार? मी नितळ बाटली दिली, माझी सगळ्यात चांगली. आणि चौथ्या दिवशी तू इथेच, या खिडकीपाशी मला विचारलंस, तोच दिलास ना? तुझे डोळे लाल होते. मी म्हणालो, तोच. तो नव्हता, कालुंदे. तापवल्याने काय होतं ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण तू मागितलेला मध तो नव्हता, हे ठाऊक होतं. सहा वर्षं तू तुझ्या हातांकडे बघत राहिलीस आणि मी तुला बघू दिलं. पाणवठ्यावर जाऊन मी हे बोलणार आहे, पट्टी सुटली की त्याच दिवशी. पण तुला आधी कळायला हवं होतं, आणि उजवा हात बरा होईपर्यंत थांबलो असतो, तर पुन्हा धीर झाला नसता.

तुझाच,
बाबा