रविवारचा बॉयलर

५ मार्च

ती. स्व. दादास,
शि. सा. न.

पत्र लिहायचं तीन आठवडे टाळलं, हे आधीच कबूल करते. रोज कागद काढायचे आणि समोरच्या इमारतीचा रंगारी बघत बसायचे. भिंतीपेक्षा स्वतःलाच जास्त रंगवतो. असो, भरकटले.

बातमी अशी, की मोठं काम मिळतंय. आकाशात फार उंचावर बारीक कण फवारायचे, म्हणजे थोडं ऊन परत फिरेल आणि पृथ्वी थंड होईल. कधी आणि किती फवारायचं, हे सांगणारा प्रोग्राम मी लिहायचा. सध्या उमेदवारी म्हणून संगणकातल्या खोट्या पृथ्वीवर त्याची चाचणी घेतेय. वीस तारखेपर्यंत हो-नाही कळवायचंय. तू चार वर्षं त्या हॉस्पिटलच्या धुलाईघरात वाफ वाचवायच्या मागे लागलायस. मी एका झटक्यात सगळ्या जगावर सावली धरते, बघ. तुझं मत कळव. आईला एवढ्यात सांगू नकोस, पृथ्वी थंड होणार म्हटलं की स्वेटर विणायला घेईल.

लोभ आहेच, वाढवलास तर हरकत नाही.
तुझी भिंगरी

९ मार्च

चि. भिंगरीस,
अ. आ.

आईला सांगितलं. लोकर आणून झाली.

मी नको म्हणत नाही. एकच विचारतो, फवारणी मध्येच थांबली तर? खाली धूर तसाच चालू असला, तर दाबून ठेवलेली उष्णता थोड्याच वर्षांत अंगावर येईल. म्हणजे धूर कमी करायचं काम सुटत नाहीच. थांबायचं कसं, हे ठरवलंय का, विचार त्यांना.

इथे रविवारी धुलाई बंद, तरी बॉयलर दिवसभर पेटलेला. तो रविवारी विझवून सोमवारी वेळेवर पेटवणारा प्रोग्राम तू अर्धा लिहिलास आणि डोंगर बघायला गेलीस. उरलेला मी पुरा केला. पण बॉयलरवाले काका बटणाला हात लावू देत नाहीत. सोमवारी वाफ नसली तर ऑपरेशनच्या चादरी कुठून आणू, म्हणतात. त्यांचं एकच, "जिनं लिहिलं तिनं सोमवारी इथं उभं राहावं. मग विझवतो." महिनाअखेरपर्यंत जमलं नाही, तर वरचे लोक हे काम गुंडाळणार आहेत. काकांना तुझा पत्ता दिलाय. ते लिहितील.

तब्येत सांभाळ, आणि मला विसरलीस तरी उत्तर विसरू नकोस.
तुझा दादा

१८ मार्च

ती. स्व. दादास,
शि. सा. न.

तुझा प्रश्न साहेबांना विचारला. थांबायचं पुढच्या टप्प्यात बघू, म्हणाले. मी हसणार, तेवढ्यात चाचणीची संगणकयंत्रं सांभाळणाऱ्या बाई आल्या आणि मला यंत्रांच्या खोलीत घेऊन गेल्या. चाचणी सुरू करून मी समुद्र बघायला गेले होते. ती कुठे थांबायची, हे लिहायचंच राहिलं. दोनशे यंत्रं अकरा दिवस वीज खात एका खोट्या पृथ्वीला थंड करत बसलेली. खोलीत एवढी उकड की बाईंनी दारात पंखा लावला होता.

मग हसू आलं नाही. या गोष्टीचा अभ्यास कुणीतरी करायलाच हवा. उद्या वेळ आलीच तर आंधळेपणानं करायला नको. पण अर्धं टाकून पळणाऱ्या माणसानं आभाळाचा नळ हातात घेऊ नये. आज त्यांना 'नाही' असं कळवून टाकलं. आधी तो एक बॉयलर नीट विझवते आणि नीट पेटवते. त्यानंतर पुढचा. असे किती आहेत, यादी करून ठेव. या वेळी पळणार नाही. काकांना सांग, रविवारी

थांब, बेल वाजली.

दादा, दारात काकाच आहेत. पत्र लिहायला जमेना म्हणून स्वतःच आले. हातात तिकडे परतायची दोन तिकिटं, एक त्यांचं, एक माझं. बॉयलर कुणावर सोडून आलात, विचारलं, तर म्हणाले, तुझ्या दादावर. माझ्या एकुलत्या खुर्चीवर बसलेत आणि बॅग भरायला किती वेळ लागेल, ते विचारतायत.