ओल्या हळदीचा रस्ता

१७ मार्च, सोमवार
आज सव्वाचारला सगळं बदललं. गारा तीनलाच थांबल्या होत्या, त्यांचं काही न्हाई. सव्वाचारला दत्तरावकाका आमच्या दारात आले नि आबाला म्हणाले, "गुरुवारपर्यंत माझा रस्ता मोकळा करून द्या. पोरगं रिकामंच हाय तुमचं."
रिकामं. कॉलेज सोडल्यापासून गावात माझं हेच नाव.
मी विचारलं, "एवढी घाई काहून, काका?"
"हळद न्यायची हाय."
बरं म्हणालो. ते गेल्यावर चमकलो. त्यांची शिजवलेली हळद खळ्यावर पसरलेली, तिच्यावर लिंबाएवढ्या गारा पडल्या. ओलीगच्च झाली. परत वाळायला दहा-बारा दिवस तरी. ओली हळद बाजारात कोण नेतं?
मंग ही कोणती हळद?
रेणुका त्याच रस्त्याच्या टोकाला राहते. दत्तरावकाकांची एकुलती एक.

१८ मार्च
सकाळी सातला छोटा ट्रॅक्टर काढला, मागं माती ओढायचं ब्लेड जोडलं. सडकेपासून त्यांच्या आखाड्यापर्यंत, म्हणजे शेतातल्या घरापर्यंत, तिच्या दारापर्यंत, पाऊण किलोमीटर. उघड्यावरच्या गारा विरघळल्यात, पण वळणावरच्या कडुनिंबाखाली अजून घोट्याएवढा थर. पाला मिसळून घट्ट बसलाय. पोरं तिथं रील काढून राहिली, "आपलं काश्मीर" म्हणून. बाजूला गहू आडवा झालाय, त्याची रील कुणी काढत न्हाई.
ब्लेड टेकवलं की करकर वाजतं. काळ्या मातीत वरवर, सावकाश ओढायचं. घाई केली की चाक बसतं. सावकाश माझ्याच्यानं होत न्हाई. दोनदा रुतलो. दुसऱ्यांदा मान वर केली तर रेणुका ओट्यावर, ओढणी तोंडाला लावून हसत होती. हात पण केला.
एवढी खूश कशानं?

१९ मार्च
आज चिखल ओढला. रस्ता पाटीसारखा गुळगुळीत झाला, आता जो जाईल तो उमटतो. दुपारी जेवून आलो तर मोटारसायकलचा माग. जाऊन परत आलेली. नवं टायर, नक्षी ठसठशीत. आमच्या गावात असं टायर कुणाचं न्हाई.
माग धरून आखाड्यापर्यंत गेलो. दर्शनी भिंतीला ओला चुना. सहा प्लास्टिकच्या खुर्च्या धुवून उन्हात ठेवलेल्या. हळदीला खुर्च्या लागतात का?
"पाहुणे येऊन राहिले का, काका?"
"व्हय. हळदीचे यापारी." नजर दुसरीकडं.
मागच्या साली कॉलेजात एक जण तिला काहीबाही बोलला. मी त्याचं नाक फोडलं. कॉलेजनं माफीपत्र मागितलं, दिलं न्हाई, दप्तर उचलून घरी आलो. वाटलं ती तरी माझी बाजू घेईल. चार महिने बोलली न्हाई. मग दिवाळीनंतर एकदा सेनगावच्या जीपमधून उतरताना माझ्या हातात अर्धा पेरू ठेवून गेली. अर्ध्या पेरूचा अर्थ कुणी सांगेल का?
संध्याकाळी परत येताना कडुनिंबाखाली कडेला सारलेला सगळा ढीग, गारा, पाला, चिखल, वळणावर रस्त्यातच ओढून ठेवला. चुकून झालं.
न्हाई. चुकून न्हाई.

२० मार्च, गुरुवार
अकराला काकांचा फोन. "गणू, वळणावर गाडी फसली बाबा. ट्रॅक्टर घेऊन ये."
पांढरी कार, डोंगरकडा गावची. यापारी कसले, रेणुकाला बघायला आलेले. चौघं जण. त्यातला नवरदेव लगेच ओळखू आला: इस्त्रीचा शर्ट, बूट हातात, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, नि गाडी स्वतः ढकलून राहिलेला. मी साखळी बांधली तर म्हणतो, "भाऊ, लई तकलीफ दिली तुमाला."
भला माणूस निघाला. त्याचाच जास्त राग आला.
गाडी निघाली, पण पुढं चाक फिरेना. शेवटी आखाड्यापर्यंत मीच ओढत नेली. म्हणजे रस्ता मीच केला, नि पाहुणा पण मीच दारात आणून सोडला.
काकू म्हणाल्या पोहे खाऊन जा. मी ट्रॅक्टरवरून उतरलो न्हाई. रेणुका चहा घेऊन बाहेर आली. साडीत. कप देता देता हळूच,
"ढीग तूच घातला ना?"
मी चहाचा घोट घेतला.
"रस्ता अडवायला ट्रॅक्टर हाय, इचारायला तोंड न्हाई व्हय रे?"
"कुणाला इचारू?"
"घ्या! अजून कुणाला म्हणतो." मग आवाज आणखी खाली. "त्या पोराचं नाक फोडलं तवा बी मला इचारलं न्हाईस."
आतून हाक आली, गेली.
चहात साखर दुप्पट. मुद्दाम माझ्यासाठी? का पाहुण्यांचाच उरलेला?

२१ मार्च
वळणावरचा उरलेला ढीग काढला. कुणी सांगितलं न्हाई. दत्तरावकाका येऊन बांधावर उभे राहिले. बराच वेळ ब्लेडकडं बघत होते.
"गारा बी हुशार, गणू. बराबर वळणावरच जमल्या." हसले न्हाई.
मी लिफ्टनं ब्लेड खाली-वर करत राहिलो.
"त्यांची पसंती आली. रविवारी जबाब द्यायचाय. पोरीला इचारल्याबिगर मी जबाब देणार न्हाई."
हे मला काहून सांगून राहिले? माहीत असून, का माहीत नसून? घरी येईपर्यंत तेच. ट्रॅक्टर धुतला, तरी तेच.

२२ मार्च, शनिवार
सकाळी रस्त्यावर एकच माग. लेडीज चपलेचा, उजवी टाच झिजलेली. ती चप्पल मी कॉलेजला जाताना जीपमध्ये वर्षभर पाहिली आहे. आखाड्यापासून वळणापर्यंत आली, तिथं कडुनिंबाखाली माती तुडवलेली, म्हणजे बराच वेळ उभी होती. मग परत.
त्या वळणावर मोबाइलला रेंज येते. डोंगरकड्याला फोन केला असेल. पहिला विचार हाच आला. दुसरा विचार दुपारी आला: तिथून आमचं दार दिसतं.
किती दिवस चिखल वाचत बसू?
आता चार वाजलेत. यावेळी ती खळ्यावर हळद फिरवत असते. आबा म्हणाले, "ट्रॅक्टर नेतो का?" न्हाई म्हणालो. चावी खुंटीला लावली. ट्रॅक्टरवर बसलं की मला वरूनच बोलता येतं, नि आवाजात ऐकू काही येत न्हाई.
पायी जातो, तिलाच विचारतो. ती हो म्हणेल का काय म्हणेल...
वही फळीवर ठेवतो. चपला घालतो. दार ओढून घेतो.