घोंगडीचा आकाशकंदील आणि तुझा निळा डबा

भवानीनगर,
वसुबारसेला तीन दिवस कमी, सन १९९७

तीर्थरूप ठमाअक्का, मुक्काम कळस,

धाकट्या सोनबाचा तुला दोन्ही हात जोडून नमस्कार. (हात खरोखरच जोडले गेले होते. पाकानं. गरम पाण्यात धरले तेव्हा सुटले, आणि मगच पेन उचललं. कागद कुठं चिकट लागला तर नखानं खरवडू नकोस, अक्षर जाईल.) तुझे गुडघे कसे आहेत? म्हैस व्याली का? दाजी खोकल्याला मफलर बांधतात, की अजून लोक हसतील म्हणून उशीखालीच ठेवतात? इकडं माझी तब्येत ठणठणीत आहे, एक दाढ सोडली तर. ती माघात पडली, तिचा विषय पुढं बघू.

पत्र लिहायला तसं कारण काही नाही. मदत मागायला लिहितोय असं तर मनातसुद्धा आणू नकोस. गेल्या भाऊबिजेला जाता जाता दारात उभी राहून तू जे बोललीस ते मला शब्दासकट पाठ आहे. "पुढच्या दिवाळीला तुझं तू कर, म्हंजी कळंल चकली कशी हुती त्ये!" मीही चारचौघांत छाती काढून म्हणालो, "करीन की! करून तुझाच डबा भरून कळसला धाडीन!" झालं. तेव्हापासून अकरा महिने तू माझा उंबरा चढली नाहीस. गौरीला आली नाहीस. राखी आली नाही. पोस्टमनला तीनदा हटकलं, तर तो आता आमची गल्ली टाळून मागच्या बाजूनं जातो. तुझी भावजय यशोदा गेल्यापासून सहा वर्षं तू दिवाळीच्या आधी आठ दिवस येऊन माझी चूल ताब्यात घ्यायचीस, आणि मी असं काय बोललो होतो? तर, चकली फोडायला हातोडा आणा. एवढंच. (चकलीचं नाव काढायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसलो होतो. निघालं. जाऊ दे.)

आता अडचण आहे ती डब्याची. तुझा निळा डबा, झाकणावर खिळ्यानं नाव कोरलेला, माझ्याकडं राहिला. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही ही आपल्या आईची शिस्त. तू तर शेजारणीची वाटीसुद्धा चार शेंगदाणे टाकल्याशिवाय परत देत नाहीस. म्हणून तो डबा वर्षभर फडताळात बसून माझ्याकडं बघतोय. आणि बोललो तसा भरून धाडला नाही, तर भाऊबिजेचा माझा पाट यंदा रिकामा राहणार हे मला कुणी सांगायला नको. तुझा स्वभाव मी ओळखून आहे. तोच माझाही आहे.

म्हणून फराळ करायला घेतला. एकटा असतो तर कदाचित जमलंही असतं. पण माझे तीन मित्र मदतीला आले, आणि इथूनच माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. तिघांनाही तू ओळखतेस. तुझ्या हातचा निम्मा फराळ सहा वर्षं त्यांनीच संपवलाय, आणि हातोड्याच्या बोलण्यावर मांडी थोपटून हसले तेही हेच. यंदा फराळ नाही म्हटल्यावर मात्र तिघांचे चेहरे पडले. झुंबर म्हणाला, "आपुन चौघं मिळून करू की! चार म्हातारी डोकी हायती." डोकी होती, अक्का. डोक्यांचाच तर घोळ झाला.

पहिला मान रव्याच्या लाडवांचा. झुंबर म्हणजे साखर कारखान्यात बत्तीस वर्षं रस आटवायच्या मोठ्या पॅनवर काढलेला माणूस. पाक मी बघतो म्हणालो तर त्यानं माझ्या हातातला झारा काढून घेतला. "सोन्या, टनानं पाक आटीवलाय म्या. तू मला दोन किलोचा शिकीवतो व्हय?" मी रवा तुपावर भाजून ठेवला. (रवा उत्तम भाजला होता. बदामी. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण पुढं माझ्या बाजूनं सांगण्यासारखं फारसं काही नाही.) पाकाला एक तार आली. दोन बोटांत धरून मी स्वतः बघितली. म्हणालो, "झुंबर, आली तार. उतरीव खाली." तर तो म्हणतो, "थांब. अजून दाना कुठं धरलाय?" मला वाटलं, पाकाच्या भाषेत असेल काहीतरी. तो दर पाच मिनिटांनी एका काचेच्या तुकड्यावर पाकाचा थेंब घ्यायचा, खिडकीच्या उजेडाकडं धरायचा, एक डोळा मिटून बघायचा आणि मान हलवायचा. बाकीचे दोघं, दादासाहेब आणि बिरदेव, दोन्ही बाजूंनी उभे राहून आपापला एकेक डोळा मिटायचे. मग झुंबरनं खिशातून पुडी काढली आणि पिठीसाखरेची चिमूट पाकात सोडली. मी ओरडलो, "ह्ये काय?" तर म्हणाला, "बी टाकल्याबिगार दाना धरंल का?"

आणि अक्का, दाणा धरला. असा धरला की बघत राहावं. पांढरा, टपोरा, एकसारखा. झुंबरच्या डोळ्यांत पाणी आलं. "रिटायर हून चार वरसं झाली, पर हात इसरला न्हाय बघ!" दादासाहेबानं त्याच्याशी हात मिळवला. मी आपला भाजलेल्या रव्याची परात घेऊन उभा. म्हणालो, "झुंबर, आपल्याला लाडू करायचं हुतं." दुकानातून आणलेली दोन किलो साखर आम्ही पाण्यात विरघळवली, अडीच तास ढवळली आणि तिची पुन्हा दोन किलो साखर केली. थोडी कमीच भरली, कारण दादासाहेब मधून मधून चव बघत होता. कढईच्या तळाला राहिलेला पाक आज उकरताना माझ्या हातांचं काय झालं ते वर लिहिलंच आहे. शेजारच्या सारजावहिनी भिंतीवरून सगळं बघत होत्या. त्या म्हणाल्या, "भावजी, साखर दुकानात बी मिळती की वो!" गेले तीन दिवस आम्ही चौघं सकाळ-संध्याकाळ त्या रव्याचा शिरा खातोय. शिऱ्याचं नाव काढलं तरी बिरदेव आता उठून उभा राहतो.

चकलीचं मी थोडक्यात आटोपतो. सोऱ्या नव्हता. (सोऱ्या तू जाताना पिशवीत घालून घेऊन गेलीस. बरोबरच केलंस, तुझाच होता. मी काही म्हणत नाही.) सारजावहिनींकडं मागितला तर म्हणाल्या, त्यांचा त्यांनाच लागतोय. मग दादासाहेब म्हणाला, सोऱ्याचं एवढं काय घेऊन बसलाय? आणि घरून ग्रीसगन घेऊन आला. हा माणूस वर्कशॉपात जन्मभर बेअरिंगात ग्रीस भरत होता. गन नवी होती, खोक्यातली, कधी ग्रीस न बघितलेली, हे त्यानं आईची शपथ घेऊन सांगितलं. त्यात उकडीचं पीठ भरलं. पण सोऱ्याच्या ताटलीला चांदणीचं भोक असतं म्हणून चकलीला काटे येतात. गनच्या तोंडातून निघाली ती गुळगुळीत गांडुळं. पहिली दोन वेटोळी झाली तेवढ्यात तोंड तुंबलं. दादासाहेबानं दांडा छातीशी लावून जोर केला, आणि फट्‌दिशी लिंबाएवढा गोळा सुटला तो थेट भिंतीवरच्या यशोदेच्या फोटोवर. गालावर. आम्ही चौघांनीही उभ्या जागी हात जोडले. पुसायला गेलो तर फोटोतली ती हसतेय असं मला उगीच वाटलं. तिला असल्या गोष्टींचं फार हसू यायचं, तुला माहीत आहे. तुम्ही दोघी चकल्या करायला बसलात की मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू द्यायचा नाहीत. आता कळतंय का ते.

राहिला आकाशकंदील. ते काम बिरदेवनं अंगावर घेतलं. म्हटलं, बरं झालं, चुलीपासून एक माणूस लांब गेला. त्याच्या वाडवडलांची मेंढरं होती, आता तीन एकर ऊस आहे, पण गाठ मारायची म्हटली की हात अजून मेंढरांच्या वाड्याचीच गाठ मारतात. कामट्यांचा सांगाडा त्यानं असा आवळला की त्यावर माणूस उभा राहावा. (उभा राहिलाही. दाखवायला.) मी बारामतीहून लाल-पिवळा जिलेटिन कागद आणून दिला. तो त्यानं दोन बोटांत धरून वाऱ्यावर फडफडवला आणि तोंड वाकडं केलं. "ह्यो टिकतोय व्हय? एक झड आली की चिंध्या. आणि थंडीचं काय?" मी विचारलं, "थंडी कुणाला? कंदिलाला?" दुसऱ्या दिवशी बघतो तर कंदिलावर घोंगडी! काळीभोर, दाभणानं शिवलेली, कोपरे दुमडून नीट टाचलेली. पाऊस लागणार नाही, वारा शिरणार नाही, दहा वर्षं बघायला नको. आत शंभरचा बल्ब लावलाय. उजेड आत जातो तो बाहेर यायचं नावच घेत नाही. खाली उभं राहिलं की डोक्याला तेवढी ऊब लागते, आणि बल्ब तापला की ओल्या मेंढरांचा वास सुटतो. सारजावहिनींची शेळी दिवेलागण झाली की दावं तोडून येते आणि त्याच्याकडं बघून ओरडत बसते. मी बिरदेवला म्हणालो, अरे, उजेड कुठाय? तर म्हणतो कसा, "आत हाय की! हात लावून बघ."

तर असा आमचा फराळ झाला. तुला सांगायचं एवढंच, की आमचं उत्तम चाललंय आणि तू काळजी करू नकोस. निळा डबा भरून, बोललो तसा, म्हस्कूच्या दुधाच्या टेम्पोतून या पत्राबरोबर धाडतोय. झाकण घट्ट आहे, दाजींकडून उघडून घे. दाजींना पाया पडतो म्हणून सांग. म्हशीच्या पाठीवर हात फिरव.

तुझा आज्ञेतला (गेले अकरा महिने सोडून) धाकटा भाऊ,
सोनबा

ता. क. डब्यात साखर आहे. दुसरं डब्यात घालण्यासारखं काही झालंच नाही. पण दुकानची समजू नकोस, घरी केलेली आहे. झुंबरनं तुझ्यासाठी वरचा चांगला दाणा वेगळा काढला आणि हातोड्यावर हसलो त्याची माफी मागून ठेवायला सांगितलंय. तिघांनीही सांगितलंय.

ता. क. दुसरा. यायचं तुझ्या मनात असलं तर येताना सोऱ्या आण. माझ्यासाठी नव्हे. दादासाहेब पुन्हा गन घेऊन येतो म्हणतोय, आणि यशोदेच्या फोटोची काच आता तडकायच्या बेतात आहे.

ता. क. तिसरा. दाढेचं राहिलं. अक्का, तुझी चकली कडक नव्हती. दिवाळीच्या आधीपासून माझी दाढ हलत होती. दवाखान्यात नेशील म्हणून तुझ्यापासून लपवली होती. भाऊबिजेला पहिलाच घास घेतला आणि डोळ्यांपुढं काजवे चमकले. मित्रांपुढं दाढ कबूल करायची लाज वाटली, म्हणून हातोडा तोंडातून गेला. तुझी चकली नेहमीसारखी खुसखुशीत होती. ही गोष्ट मी माघात, दाढ हातात घेऊन बसलो होतो, तेव्हाच लिहायला पाहिजे होती. कागदही काढला होता. त्यावर "तीर्थरूप ठमाअक्का" एवढंच लिहून झालं होतं. तोच हा कागद.

ता. क. चौथा आणि शेवटचा. पाट धुऊन ठेवलाय. घर तू विसरली नसशील, पण अकरा महिने झाले म्हणून खूण सांगतो. एसटीतून उतरून गल्लीत शिरलीस की सगळ्या दारांपुढं झगमगाट दिसेल. ज्या एका दारापुढं अंधार लटकत असेल आणि खाली शेळी ओरडत असेल, तेच आपलं घर. आत उजेड आहे.