पाळकबाबांच्या मेणबत्त्या

वसई, १ नोव्हेंबर १९७९

प्रिय शमुवेलभाऊ,
सप्रेम सलाम.

हाताला माती आहे, कागदावर डाग पडला तर राग मानू नका. वाडीत गवत उपटत होते, ते अर्धं टाकून लिहायला बसले.

तुमचं पत्र पोचलं. कोल्हापूरच्या तुमच्या चर्चमध्ये आजोबांच्या नावाची पाटी लागणार, आनंद झाला. इकडे केळी बरी आहेत. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, ती पुन्हा वाचते. वाचायला तिला तुमच्या आजोबांनीच शिकवलं. सगळं गाव कॅथलिक. आजोबा तो पंथ सोडून, प्रेस्बिटेरियन पाळक होऊन म्हातारपणी परत आलेले. त्यांच्या ओटीवर कुणी पाय ठेवत नसे. आई जायची, आणखी तिघी-चौघी जायच्या. ते म्हणत, "माझंही खरं मानू नका, वाचून बघा." ती वाचायला शिकली म्हणून मी शिक्षिका झाले.

पाटीवर 'कबरीचा ठाव नाही' असं कोरणार, हे वाचल्यापासून मात्र उत्तर लांबवत होते.

१९३८ साली आजोबा गेले, तेव्हा तुमचे वडील कबर शोधत आले. माझ्या बाबांनी त्यांना सांगितलं, "राजोडीच्या वाळूत पुरलं, भरतीने नेलं." ते खोटं होतं. पाळकाला आपल्या जमिनीत जागा दिली हे कळलं तर गाव वाळीत टाकील, ही भीती. तुमचे वडील वाळूपुढे उभे राहून परत गेले. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून मी सांगू शकले असते. लाज वाटली.

आजोबा आमच्या वाडीत आहेत, विहिरीच्या पाटाजवळ, सोनचाफ्याखाली. मघाशी गवत काढत होते ते त्यांच्याच कबरीवरचं.

आणखी एक. दर वर्षी २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, आम्ही तिथे गुपचूप मेणबत्ती लावतो. मेलेल्यांसाठी मेणबत्ती लावू नये, असं त्यांनी जन्मभर शिकवलं. आज आईला म्हटलं, "उद्या नको लावूया. शमुवेलभाऊंना काय वाटेल?"

"पाळकबाबांना नको असती तर एकेचाळीस वर्षांत एकदा तरी फुंकर मारली असती," आई म्हणाली.

पाटी थांबवा. या, इथल्या दगडावर नाव घाला. मेणबत्तीचं तुम्हीच ठरवा.

तुमच्या आजोबांमुळे हे लिहू शकलेली,
रोझमेरी

ता. क. २ नोव्हेंबर, सकाळ. आईने मेणबत्ती नेली, पण पिशवीतच ठेवली. चष्मा लावून आजोबांनी दिलेल्या पुस्तकातलं एक स्तोत्र मोठ्याने वाचू लागली. शेजारचा प्लासिड पाटाला पाणी सोडायला आला होता. त्याने विचारलं, कबर कुणाची. आईने सांगितलं, रेव्हरंड सॅन्टन परेरा. प्लासिडने पाणी बंद केलं आणि वाचन संपेपर्यंत उभा राहिला.