चेंडू हलला

११ ऑक्टोबर २०२४, शुक्रवार

नाही म्हणायला काय झालं होतं मला? हो म्हणून बसले!

उत्तमनं सकाळी पोह्यांच्या ताटलीकडे बघतच विचारलं, "फेब्रुवारीत खुली स्पर्धा आहे. खेळावं म्हणतो. बॅग उचलशील?" आठ महिन्यांत नवरा-बायको म्हणून धड बोललेलो नाही. मीठ दे, गिझर लाव, लाईट बिल भरलं का — आणि आज एकदम हे!

सलग चार वर्षं ही स्पर्धा जिंकलेला माणूस. तेव्हा गोल्फ क्लबात त्याची बॅग उचलायला माणसं भांडायची. आता कुणी फिरकत नाही. गुडघ्यात सळई, डॉक्टर म्हणतात वजन उचलायचं नाही. मग काय, बायको आहेच!

लग्नानंतर आकांक्षा होईपर्यंत मीच त्याची कॅडी होते. उन्हातान्हात मागे मागे फिरायचे आणि त्याचा केवढा अभिमान वाटायचा. मूर्ख नुसती.

१३ ऑक्टोबर

शाळेतून येताना जिन्यात शकीलाआपा भेटली. वरच्या मजल्यावरची, रत्नागिरीची. तिला सांगितलं. तिनं भाजीची पिशवी खालीच ठेवली. "अगो, त्याची बॅग तू उचलशील, तुझा जीव कोण उचलील?"

मार्चअखेर आकांक्षाची नववी संपली की आखात सोडून आम्ही दोघी चिपळूणला ताईकडे जाणार, कायमच्या — हे फक्त आपाला माहीत आहे. उत्तमला नाही. मग जाता जाता बॅग कशाला उचलतेय मी? बघायचंय मला. काहीतरी शिल्लक आहे का ते बघायचंय.

२५ ऑक्टोबर

इब्राच्या अलीकडे वाळूतलं जुनं मैदान आहे, तिथे सरावाला गेलो. गवताचं पातं नाही. हिरव्या चटईचा तुकडा बरोबर न्यायचा, त्यावर चेंडू ठेवून मारायचा, तुकडा उचलायचा, पुढे चालायचं. भोकाभोवती तेल मारलेली काळी वाळू. तिला सगळे 'ब्राऊन' म्हणतात. खेळून झालं की झाडणीनं आपली पावलं पुसून निघायचं, मागून येणाऱ्याला जागा साफ मिळावी म्हणून. त्याला वाकवत नाही, म्हणून मीच पुसली. म्हटलं, "हे काम तुला छान जमायचं रे. पावलं पुसायचं." तो चटई गुंडाळत राहिला. बोलल्यावर मलाच कसंतरी झालं.

रस्ता तोच, अपघाताचा. वळण आलं तसं दोघांनीही तोंडं खिडकीकडे केली. तो गाडी चालवत होता तरी! मी ओरडले, "समोर बघ!"

त्या दिवशी फोनवर म्हणाला होता, "इथेच गाल्यात आहे, गाडी गॅरेजला लावलीय, ब्रेक बघतायत." इतक्या सहज! मागे कुणीतरी ठोकाठोकी करतंय असंही वाटलं मला. आणि थोड्या वेळानं पोलिसांचा फोन — दीडएकशे किलोमीटरवरच्या इब्राहून. गाडी उलटलेली. शेजारी प्रियांका. क्लबातल्या एका मेंबरची बायको, त्याच्याकडे गोल्फ शिकायला यायची. दोन वर्षं चाललं होतं. तिला नुसतं खरचटलं. बरंच झालं, मी कुणाचं वाईट चिंतत नाही.

खोटं. तेव्हा चिंतलं होतं.

१ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. माणसं तीन, खोल्या तीन, दारं तिन्ही बंद. पणत्या आपाच्या नातीनं लावल्या.

६ डिसेंबर

क्लबच्या मॅनेजरनं बोलावलं होतं. इस्त्रीचा शर्ट घालून गेला, तोंड पाडून आला. मुलांना शिकवायचं काम परत मिळेल का, एवढंच विचारलं म्हणे. तर तो म्हणाला, "खेळाचा प्रश्नच नाही. पण आईबापांनी मुलं कुणाच्या भरवशावर सोडायची?"

संध्याकाळी ओट्यापाशी येऊन उभा राहिला. "जिंकूनही काय होणार, यशू? लोक म्हणतील, खेळतो झकास. पण माणूस?"

यशू म्हणाला! किती दिवसांनी. मी कांदा चिरत होते, बरं झालं.

१४ जानेवारी २०२५

अझैब्यात मराठी मंडळाचं हळदीकुंकू. आपणच का लपायचं, म्हणून मुद्दाम काळी साडी नेसून गेले. खोलीत पाऊल टाकलं आणि आवाज बंद! मग सगळ्या एकदम तिळगुळाच्या पाकाबद्दल बोलायला लागल्या. अश्लेषा जवळ येऊन हळूच म्हणते, "तुम्ही किती सोसता हो!" तिच्या डोक्यात वाण घालावंसं वाटलं.

घरी येऊन उत्तमवर भडकले. "तू झोपलास तिच्याबरोबर, आणि मान मी खाली घालायची!" आकांक्षानं आतून ऐकलं. दार उघडून म्हणाली, "मम्मा, प्लीज." एवढंच. दार लावून घेतलं.

८ फेब्रुवारी

आजच लिहून काढते.

शेवटचा दिवस, शेवटचं भोक. उत्तम आणि लाहोरचा शाहबाज बरोबरीत! मला खरंच वाटेना. तीन दिवस लंगडत खेळला, पण काय खेळला! मॅनेजर, मेंबर, मंडळातले लोक, सगळे कडेनं चालत होते. आकांक्षासुद्धा आली होती, मोबाईल धरून.

शाहबाजचा फटका मधोमध. उत्तमचा गेला उजवीकडे, गाफाच्या, म्हणजे आपल्या शमीच्या झाडाखाली. मी धावत गेले. वाळका पाला, वर फांद्या, समोर खोड. म्हटलं, संपलं. इथून बाहेर काढायलाच एक फटका जाणार. त्यानंही पाहिलं. बराच वेळ बघत उभा होता, चेंडूकडे नाही, लोकांकडे. मग फांदीखाली वाकून पाय रोवले. मी त्याच्या गुडघ्याकडे बघत होते, आता सवयच झालीय.

आणि तो मागे सरला. हात वर केला. "चेंडू हलला. माझ्या पायानं."

कुणीच पाहिलं नव्हतं! या खेळात पंच मागे मागे नसतो. तुमच्यामुळे चेंडू जागचा सुटला तर तुम्हीच सांगायचं आणि एक फटका दंड घ्यायचा. शाहबाज म्हणाला, "छोड ना यार, मैंने तो कुछ नहीं देखा." पंच गाडीतून आले. त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, माझं लक्ष नव्हतं. उत्तम म्हणाला, "मी पाहिलंय ना. खलास. एक फटका लिहा."

दोन फटक्यांनी हरला. एक दंडाचा, एक झाडाचा.

टाळ्या मात्र त्यालाच! शाहबाजनं कप हातात घेऊन सांगितलं, असली विजेता तो आहे. मॅनेजर डोळे पुसत होता. आणि मला काय वाटावं? राग! असा संताप आला की बॅग तिथेच टाकून द्यावी. दोन बोटांच्या चेंडूशी एवढा खरा वागतोस, मग माझ्याशी काय झालं होतं तुला? पाल्यातला चेंडू हलला तर जगाला सांगतोस, आणि माझं घर हललं तेव्हा गाल्यात ब्रेक बघत होतास!

गाडीत बसल्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि हुंदकाच आला. त्यानं गाडी कडेला घेतली. "आता खोटं नाही गं बोलवत मला," म्हणाला. तोही रडला. मागच्या सीटवर आकांक्षा मोबाईलमध्ये बघत होती.

९ फेब्रुवारी

मंडळाच्या ग्रुपवर नुसता पाऊस. 'मराठी माणसाची सचोटी!' 'सलाम सर!' अश्लेषाचे हात जोडलेले चार.

आज ह्यांच्या गुडघ्याला तेल लावून दिलं. 'ह्यांच्या' लिहिलं गेलं — वर्षभरात पहिल्यांदा. खोडत नाही. राहू दे.

११ फेब्रुवारी

आज शाळेत राजीनाम्याचं बोलणार होते. मुख्याध्यापिकांच्या दारापर्यंत गेले आणि परत फिरले. ताईला फोन केला, "मार्चमध्ये नाही येत गं." ती म्हणाली, "तू सुखात आहेस ना?" म्हटलं, हो.

आपाला सांगितलं तर तिनं डोक्यावरून हात फिरवला. "सुधारतो गो माणूस. इन्शाल्ला."

१३ फेब्रुवारी

मॅनेजरचा फोन. काम परत! "मुलांना शिकवायला असाच माणूस पाहिजे," म्हणाला. ह्यांनी फोन स्पीकरवर ठेवला होता, मला ऐकू यावं म्हणून. मी शिरा केला. आकांक्षानं तोंडही लावलं नाही. "बापाचं एवढं चांगलं झालं, तुला काही वाटतं का गं?" म्हणून मीच तिला बोल बोल बोलले.

१४ फेब्रुवारी

दुपारी हे झोपलेले असताना आकांक्षानं स्वयंपाकघराचं दार लावलं आणि मोबाईल पुढे धरला. "मम्मा, मी झाडाच्या त्या साईडला होते. आय मीन, व्हिडिओ... झूम केलं तर... बॉल..." पुढचं मराठी तिला सापडेना.

चेंडूवर लाल 'उ' मीच काढून देते, प्रत्येक चेंडूवर. व्हिडिओत तो स्वच्छ दिसतो, बाजूच्या वाळक्या शेंगेला टेकलेला. पाय रोवले. मागे सरला. हात वर केला. 'उ' शेंगेला टेकलेलाच. परत बघितलं. परत बघितलं. शेंगही हललेली नाही.

झाडाखाली हरलाच होता. लोकांकडे बघत उभा राहिला आणि हरण्याचंही सोनं करून घेतलं.

आत्ता बाहेर उठून फोनवर कुणाला तरी सांगतोय, "अहो, खोटं बोलून झोप आली असती का मला?"

ताई, मार्चमध्ये येतोय गं आम्ही. दोघीच.