रूपा मॅडमची केबिन

रूपा,

साहेबांनी विचारलं, "ह्याला ओळखता का?" आणि तू म्हणालीस, "नाही सर." माझं डोकं तिथंच फिरलं. हे पत्र तुला देणार नाय, पण लिहिल्याबिगर जीव थाऱ्यावर येत नाय.

दसऱ्याची पूजा होती. ज्याची मशीन त्यानं नारळ फोडायचा, ही शेंद्र्याच्या आपल्या कारखान्यातली रीत. मी नारळ उचलला आणि सवयीनं बोललो, "रुपे, कुंकू दे." सगळे हसले. तू नुकतीच मॅनेजर झालेली, तुझा चेहराच उतरला, आणि तेव्हाच साहेबांनी ते विचारलं.

मग केबिनमध्ये बोलावलंस. "माऊली, आपल्या पिशोरसारख्या खेड्यातली पोरगी म्हणून इथं कुणी माझं ऐकत नाही. साहेबांसारखं वागावंच लागतं मला."

मी भडकलो. "तुझ्या शिक्षणासाठी माझं कॉलेज सोडून मशीन धरली, आन् मीच अनोळखी?"

"म्या सांगितलं व्हतं का सोडाया? मला बी लई तरास व्हतोय रं!"

तू मोठ्यानं रडायला लागलीस. काचेपलीकडून साहेब येताना दिसले. राग तसाच होता, पण तुझं हे गावाकडचं बोलणं त्यांच्या कानी पडू नये, एवढंच सुचलं. "येतो, मॅडम," म्हणालो, बाहेर पडलो आणि दार घट्ट लावून घेतलं.

तुझा नसलेला,
माऊली