जाळी अजून बारीक

तीर्थस्वरूप मामांना भाचीचा साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात. प्रत्यक्षात मी तुमच्या झाडाला पाठ लावून उभी आहे आणि इथून हलायची सोय नाही. कारण पुढे येईल.) नवा गुडघा कसा आहे? वाकतो का? मामी खुशाल आहेत. फोन असताना पत्र कसलं, म्हणाल. मामा, फोनवर बोलायची मला धास्तीच बसली आहे. म्हणून मुकाट्याने लिहून, दवाखान्यात डबा नेणाऱ्या दादाच्या हाती देते आहे.

वरच्या खोलीचा स्लॅब तुम्ही विश्वासाने माझ्यावर सोपवलात, आणि झाडाला हात लावायचा नाही, ते स्लॅबमधून वर जाईल, अशी अटही घातलीत. साधा स्लॅब असता तर पुस्तकातल्या कोष्टकावरून गणित सुटलं असतं. मधे चौकोनी भोक आलं की कोष्टकं हात वर करतात. मग संगणकावर स्लॅबचे लहान लहान चौकोन पाडायचे, प्रत्येक किती वाकतो ते काढायचं आणि सगळ्यांची मोट बांधायची. या चौकोनांना आम्ही जाळी म्हणतो. जाळी जितकी बारीक तितकं उत्तर खरं; ते बदलायचं थांबलं की आपण सुटलो. मामा, ते थांबेचना! जाळी बारीक करावी तसा भोकाच्या कोपऱ्यातला ताण वाढतच जाई. माझे डोळे पांढरे झाले. रोज अंगणात उभी राहून मी ऑफिसातल्या सहकाऱ्याला फोनवर ओरडत होते, "कोपऱ्यात जाळी अजून बारीक कर!" आणि "करतो" असं दोनदा ऐकू येई. एकदा कानात, एकदा वरून. मला वाटलं, आवाज घुमतो.

वर मिस्त्री होता. त्याच्या लेखी जाळी म्हणजे सळयांची.

आज सकाळी वैतागून मी फोनवर म्हणाले, "हे भोकच नको, सगळं सुटेल!" वरून आवाज आला, "बरं." तेवढ्यात सहकाऱ्याने भोकाचे टोकदार कोपरे गोल करून पाहिले आणि उत्तर शहाण्यासारखं जागेवर बसलं. (हे मला आधी सुचायला हवं होतं. बोलू नका.) आनंदाने शिडी चढून वर गेले आणि सळयांत बोट घालून पाहिलं. कोपऱ्यांत करंगळी शिरणार नाही इतक्या दाट सळया! तिथे काँक्रीटची खडी कुठून उतरणार? "ताई, तुम्हीच रोज सांगत होता," मिस्त्री म्हणाला, "मला वाटलं, मामांची पुस्तकं ठेवायची असतील." (अगदीच चुकलं नाही त्याचं.) मी वळून पाहिलं, तर त्याच्या हातात कुऱ्हाड.

तुमची,
हादरलेली भाची

ता. क. मिस्त्रीला परोपरीने समजावलं. तो म्हणतो, "तुमचं रोज नवीन. आता मामा सांगतील तरच थांबेन." तेव्हा त्याला लगेच फोन करा आणि एवढंच म्हणा: जास्तीच्या सळया काढ, भोकाचे कोपरे गोल कर, झाड राहू दे. तब्येतीचा विषय नको. "जुना काढून नवा बसवला" असं त्याच्या कानावर गेलं तर घराची धडगत नाही.

दुसरा ता. क. मामी खुशाल आहेत, हे खोटं लिहिलं. जन्मभर पानं झाडताना या झाडाला शिव्या घातलेल्या मामी बुंध्याच्या पलीकडे खुर्ची टाकून बसल्या आहेत आणि डोळे पुसताहेत. "ते घरी येईपर्यंत उठणार नाही," म्हणतात. झाडाचं फोनवर भागेल, मामा, यांचं नाही भागायचं. गुडघा वाकत असो नसो, लवकर या.